पुरात बुडालेल्या लॉनमोवरचं जाम इंजिन घरच्या घरी कसं सोडवायचं

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या समा भागातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमरेपर्यंत पाणी होतं. धोक्याची पातळी २६ फूट आणि नदी ३५ फुटांच्या वर गेलेली, गाड्या गेल्या, इन्व्हर्टर गेले, आणि पाण्यात मगर तर नाही ना हे बघितल्याशिवाय कोणी पायरी उतरत नव्हतं. त्या सगळ्यात कोपऱ्यातल्या गवत कापायच्या मशीनकडे कोणाचं लक्ष जाणार. पाणी उतरलं, गाळ काढला, मशीन पाइपने धुवून तसंच ठेवून दिलं आणि दिवाळीच्या आधी गवत कापायला म्हणून दोरी ओढली तर दोरी जागची हलेना. एकदम दगड.

त्या दिवाळीत आमच्याच भागातली बरीच मशीनं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेली मी बघितली आणि खरंच वाईट वाटलं, कारण पाण्याने जाम झालेलं इंजिन बऱ्याचदा आतून धडधाकट असतं, फक्त पिस्टनभोवतीच्या रिंग गंजून चिकटलेल्या असतात. माझं सोडवायला नऊ दिवस लागले, त्यातला हाताने काम करायचा वेळ सगळा मिळून एक दिवससुद्धा नसेल, बाकी नुसतं ऑइलला मुरायला दिलेला वेळ. म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे, ज्याच्याकडे असं मशीन पडून असेल त्याने विकायच्या आधी एकदा करून बघावं.

माझ्याकडे १६३ सीसीचं होंडा जीएक्सव्ही १६० इंजिन आहे, फोर स्ट्रोक. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा दुसरं कुठलं असलं तरी पद्धत तीच, मापं मात्र आपापल्या इंजिनच्या पुस्तकातनं घ्या.

आधी खात्री करा की इंजिनच जाम आहे

दोरी ओढली जात नाही म्हणजे इंजिन सीझ झालं असं लगेच धरू नका, कारण दोरी अडायची चार-पाच वेगळी कारणं असतात आणि त्यातली काही दहा मिनिटांत सुटतात.

सगळ्यात पहिलं काम, प्लगची कॅप काढून ती प्लगपासून लांब बांधून ठेवायची. ब्लेडजवळ हात घालायच्या आधी हे झालंच पाहिजे, इंजिन कितीही जाम वाटत असलं तरी, कारण ते कधी सुटेल सांगता येत नाही.

मग हँडलवरचा लिव्हर बघा. बऱ्याच मशीनमध्ये तो लिव्हर सोडला की फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या जड चाकाला, ब्रेक लागतो, तो दाबून दोरीने हँडलला बांधा आणि मग ओढून बघा. पुरातल्या मशीनमध्ये आणखी एक होतं, ब्रेकची केबल गंजून अडकते किंवा ब्रेकचा पॅड फ्लायव्हीललाच गंजाने चिकटतो, मग लिव्हर दाबूनही काही उपयोग नाही आणि माणूस समजतो पिस्टन गेला.

दुसरं, दोरीचा डबा. वरचे तीन-चार बोल्ट काढले की रिकॉइलचा, म्हणजे दोरी परत गुंडाळणाऱ्या स्प्रिंगचा, पूर्ण डबा वर निघतो. आत गाळ भरून स्प्रिंग अडकली असेल तर दोरी डबा बाहेर असतानाही ओढली जाणार नाही. डबा काढला की खाली फ्लायव्हील दिसतं, ते दोन्ही हातांनी धरून फिरवून बघा. फिरलं तर इंजिन ठीक आहे, डबा साफ करा आणि सुटी घ्या.

तिसरं, ब्लेडखाली बघा. बडोद्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, झालं की लॉनमध्ये मांजा महिनाभर निघत असतो, तो ब्लेडच्या वर शाफ्टला गुंडाळत जातो आणि घट्ट फिरकी होऊन बसतो, कधीकधी ऑइल सीलसुद्धा कापतो. तार, नायलॉनची दोरी, मुळं, सगळं कापून काढा.

चौथं, प्लग काढून फिरवून बघा. प्लग असताना अडतं आणि काढल्यावर फिरतं असं झालं तर सिलेंडरमध्ये पेट्रोल, ऑइल किंवा पाणी भरलंय, आणि पाणी काही दाबलं जात नाही त्यामुळे पिस्टन वर येऊ शकत नाही. मशीन चुकीच्या कुशीवर आडवं केलं की हे हमखास होतं. प्लग काढून हळूहळू फिरवलं की सगळं बाहेर येतं.

प्लग काढायच्या आधी त्याच्या भोवतीचा खड्डा ब्रशने आणि हवेने नीट साफ करा. विश्वामित्रीचा गाळ इतका बारीक असतो की वाळला की पावडर होते आणि प्लग निघाला की सरळ बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या नळीत, पडते. प्लग स्वतः गंजला असेल तर भोवती ऑइल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, घाई केली तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

जाम कशामुळे झालं, हे ऑइल सांगतं

डिपस्टिक काढा आणि ऑइल एका पांढऱ्या भांड्यात काढा, आइस्क्रीमचा रिकामा डबा उत्तम. यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी नुसतं पाणी आलं आणि मग दुधाळ चहासारखं ऑइल आलं तर गंजाची केस, सुटायची आशा भरपूर. माझ्या मशीनमधून पहिल्यांदा चांगलं कपभर गढूळ पाणी आलं, त्याच्या मागून घट्ट पिवळट साय आल्यासारखं ऑइल.

ऑइल जवळजवळ नव्हतंच, किंवा काळं आहे आणि उन्हात धरल्यावर चंदेरी चमक दिसते, तर इंजिन कोरडं चालून सीझ झालंय. या छोट्या इंजिनमध्ये बहुतेक वेळा ऑइल पंप नसतो, आतला एक पंखा नाहीतर चमचा ऑइल उडवत राहतो तेवढ्यावर सगळं चालतं, त्यामुळे लेव्हल कमी झाली की सगळ्यात आधी कनेक्टिंग रॉड मरतो, पिस्टनला क्रँकशी, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टशी, जोडणारा. रॉड ॲल्युमिनियमचा आणि क्रँक स्टीलचा, मधे बेअरिंग नसतं, ऑइल संपलं की रॉडचं ॲल्युमिनियम क्रँकला लागून चिकटतं. अशा इंजिनला वरून कितीही ऑइल पाजलं तरी फायदा नाही, उघडावंच लागतं.

मशीन दगडावर आपटून थांबलं असेल तर क्रँक वाकलाय का बघा. ब्लेडचं एक टोक जमिनीपासून मोजा, मग ब्लेडला अर्धा फेरा देऊन दुसरं टोक त्याच जागी मोजा. फरक दिसला तर एकतर ब्लेड वाकलंय नाहीतर क्रँक, आणि क्रँक वाकला असेल तर थांबा, सरळ करायच्या भानगडीत कोणी पडू नये.

गंजाच्या केसमध्ये नेमकं काय चिकटतं ते समजलं की हात आपोआप सांभाळून चालतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याला लाल गंज चढत नाही. माझ्या इंजिनचं बोअर बिडाचं आणि रिंग लोखंडाच्या, त्यामुळे गंज धरतो तो या दोघांच्या मधे, दोन-तीन बारीक रेघांवर. म्हणजे चिकटलेली जागा एकूण बघितली तर फार थोडी असते, पण ती पूर्ण गोल फिरून असते आणि तिथपर्यंत ऑइल पोचवणं हेच खरं काम.

मशीन उभं करा

ही गोष्ट मला पहिल्या तीन दिवसांत सुचली नाही आणि ते दिवस फुकट गेले. लॉनमोवरच्या इंजिनमध्ये क्रँक उभा असतो, त्याला खाली ब्लेड लागतं, म्हणजे सिलेंडर आडवा झोपलेला असतो. मोटरसायकलसारखं प्लगच्या भोकातनं ऑइल घातलं तर ते बोअरच्या खालच्या अर्ध्या भागात साचतं, वरच्या अर्ध्या रिंगला लागतच नाही. मी तीन दिवस ऑइल घालत होतो आणि ते तळाशी बसून होतं.

म्हणून प्लग आकाशाकडे येईल असं मशीन उभं करायचं. बहुतेक मशीनमध्ये प्लग पुढच्या बाजूला असतो, तेव्हा पुढची चाकं वर उचलून मशीन मागे हँडलवर टेकवलं की सिलेंडर उभा होतो. त्याआधी टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा, क्रँककेसमधलं ऑइल तर आधीच काढलेलं आहे. हँडलवर दोन-चार विटा नाहीतर वाळूची गोणी ठेवा आणि मशीन भिंतीला किंवा ग्रिलला दोरीने बांधा, लहान मुलं फिरत असतील तर नक्कीच. ब्लेडवर गोणपाट बांधून टाका.

आता बॅटरीने प्लगच्या भोकातनं आत बघा. मोबाईलला लावायचा बारीक कॅमेरा मिळतो, तो असेल तर फारच छान. मला पिस्टनच्या डोक्यावर तांबडा पापुद्रा दिसला, बशीत सांडलेला चहा वाळून राहतो तसा, आणि भिंतीवर एका ठिकाणी गंजाची जाड रेघ, जिथे पाणी साचून राहिलं होतं.

बांबूची एक काडी भोकातनं घालून पिस्टन किती खोल आहे तेही बघून ठेवा, पुढे लागेल. माझा अर्ध्यावर होता.

काय घालायचं आणि किती दिवस

मी वापरलं ते मिश्रण म्हणजे पॉवर स्टीअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते लाल ऑइल आणि ॲसिटोन, निम्मं-निम्मं. ॲसिटोन पातळ असल्यामुळे फटीत शिरतं, ऑइल आपल्याबरोबर ओढून नेतं आणि स्वतः उडून जातं. दोघं एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, प्रत्येक वेळी बाटली हलवून घालायची. ॲसिटोन भयंकर पेट घेतं आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरते, त्यामुळे बंद खोलीत नको, गॅस, देव्हाऱ्यातला दिवा, विडी-सिगारेट काही जवळ नको. रंगावर आणि प्लॅस्टिकवर पडलं तर ते खातं, टाकीपासून लांब ठेवा.

ॲसिटोनच्या भानगडीत पडायचं नसेल तर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं घाला, तेही काम करतं, फक्त जास्त दिवस द्यावे लागतात. डब्ल्यूडी-४० चा फवारा सुरुवातीला मारायला चांगला, पण एकट्या त्याच्यावर अवलंबून राहू नका, पातळ आहे, लवकर वाहून जातं. कोल्ड्रिंक घाला, व्हिनेगर घाला असं कोणी सांगेल, तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर आंबट पदार्थ घालू नका, एवढं माझं ऐका.

पिस्टन बुडून वर बोटभर राहील इतकं घाला आणि काडीने पातळी मोजून खूण करून ठेवा. दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली दिसली तर ऑइल रिंगच्या कडेने खाली जातंय, म्हणजे रस्ता झाला. पण तेवढ्यात खूश होऊ नका, एखादा व्हॉल्व्ह उघडा असेल तर ऑइल सायलेन्सरमधून नाहीतर कार्बोरेटरमधून निघून जातं आणि पातळी तशीच उतरते. सायलेन्सरच्या तोंडाखाली आणि कार्बोरेटरखाली टिश्यू पेपर ठेवा, लाल डाग पडला की समजलं.

व्हॉल्व्ह उघडा असेल तर टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, काढा, चार बोल्ट असतात. ज्या रॉकरने व्हॉल्व्ह दाबून धरलाय त्याचा नट सैल करा की स्प्रिंग व्हॉल्व्हला बंद करते. नट सैल करूनही व्हॉल्व्ह वर येत नसेल तर तो गाइडमध्ये गंजलाय, त्याच्या दांड्यावर ऑइल सोडा, प्लॅस्टिकच्या हातोडीने अगदी हलकं टकटक करा. याच्याकडे दुर्लक्ष करून इंजिन फिरवलं तर पुशरॉड, म्हणजे रॉकरला ढकलणारी दांडी, वाकतो. पुशरॉड काढले तर कोणता कुठला ते चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

मग वाट बघायची. दिवसातून दोनदा थोडं ऑइल वाढवायचं, रबरी हातोडीने प्लगच्या आसपास सिलेंडरच्या बाहेरून चार-पाच ठोके द्यायचे, सिलेंडर थंड ठेवणारे पातळ पंख तुटणार नाहीत असे, आणि परत ठेवून द्यायचं. तीन दिवस तर कमीत कमी. आमच्या वहिनी रोज विचारायच्या की झालं का, मी म्हणायचो मुरतंय, लोणचं घातलंय.

फिरवायचं कसं

आधी काय नाही करायचं ते सांगतो. दोरीला लटकायचं नाही, रिकॉइलचे दात तुटतात. ब्लेडवर हातोडा मारायचा नाही, क्रँक वाकतो नाहीतर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्याला क्रँकवर जागेवर धरणारा छोटा तुकडा, तुटते. मी अगदी सुरुवातीला एका मेकॅनिकला बोलावलं होतं, त्याने ब्लेडमध्ये चार फुटी पाइप घातला आणि अंगाचा सगळा भार टाकला, इंजिन हललं नाही पण ब्लेड वाकलं आणि ते नवीन घ्यावं लागलं. क्रँक वाचला हे माझं नशीब.

ब्लेड आणि त्याच्यामागे मशीनच्या पत्र्यावर खडूने एक सरळ रेघ मारा, दोन्हीवरून जाणारी. डोळ्याला हललं नाही असं वाटलं तरी रेघ सांगते. चामड्याचे हातमोजे घालून ब्लेडची दोन्ही टोकं दोन हातांनी धरा आणि आधी चालायच्या दिशेने, मग उलट, असं झुलवा. चालायची दिशा म्हणजे वरून, फ्लायव्हीलच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, खालून ब्लेडकडे बघताना उलटी दिसेल. जोर वाढवत न्यायचा, झटका नाही द्यायचा. दोन्ही हातांच्या जोराने हललं नाही तर परत ऑइल आणि अजून एक दिवस.

सहाव्या दिवशी संध्याकाळी माझी खडूची रेघ तुटली, नखाएवढी. आवाजही आला, कर्र करून, साखरेवर पाय पडल्यासारखा. हाताला इतकं बारीक कळलं की मी आधी ब्लेडचा बोल्ट सैल झाला का तेच तपासलं.

इथे सगळे चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. हललं म्हणून जोर लावून पूर्ण फेरा करायला जाऊ नका. पिस्टनच्या पुढे अजून गंजाची भिंत आहे, तुम्ही रिंग त्याच्यावरून ओढून नेली तर गंजाचे खडे बोअरला चरे पाडतात नाहीतर रिंग तुटते. जेवढं पुढे गेलं तेवढं मागे आणा, ऑइल घाला, परत थोडं पुढे, परत मागे. मला नखापासून पूर्ण फेऱ्यापर्यंत यायला आणखी दोन दिवस लागले. मधेमधे कापसाच्या काडीने प्लगच्या भोकातनं तांबडा चिखल काढत राहिलो. आमच्या शेजारचे काका बघायला आले आणि म्हणाले, अरे हे तर दात घासल्यासारखं चाललंय, आणि खरंच तसंच करायचं असतं.

तरीही हललं नाही तर

दहा-बारा दिवसांतही रेघ हलली नाही तर ग्रीस गनची युक्ती आहे. सिलेंडरमध्ये ग्रीस दाबून भरायचं, त्या दाबाने पिस्टन खाली सरकतो. दाब सगळ्या डोक्यावर सारखा पडतो त्यामुळे काही वाकत-तुटत नाही, हातोड्यापेक्षा हजार पटीने बरं.

यासाठी जुना प्लग घ्या, त्यातलं चिनीमातीचं फोडून काढा आणि राहिलेल्या लोखंडी भागात ग्रीस निपल बसवून घ्या. प्लगचे आटे १४ मिलीमीटरचे, १.२५ चा पिच, नवीन तुकडा बनवायचा तर लेथवाल्याला एवढंच सांगायचं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, असं काम करणारे लेथवाले भरपूर आहेत. शेजारच्या काकांना दुसऱ्या एका मशीनसाठी हा तुकडा हवा होता म्हणून मी बरोबर गेलो होतो, त्या भाईने जुना प्लग हातात फिरवून बघितला, म्हणाला, थई जशे काका (होऊन जाईल), चहा पिऊन या, आणि खरंच चहा पिऊन येईपर्यंत तुकडा तयार होता.

दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत, रॉकर सैल करून पुशरॉड काढून ठेवा. आधी भोकातनं ऑइल भरून आतली हवा घालवा, मग तुकडा आवळा आणि गन हळूहळू दाबा. हँडल कडक झालं की थांबा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी परत दोन दाब. ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, गळत असलेल्या जागेवर बोट कधीही ठेवू नका, कातडीच्या आत शिरतं आणि ते हॉस्पिटलचं काम होतं. आणि मघाशी काडीने जी खोली बघितली ती इथे कामाला येते. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर रॉड आणि क्रँक एका रेषेत असतात, मग वरून कितीही दाबा, क्रँक फिरणार नाही. तशा वेळी ब्लेडने थोडंतरी हलवता येतंय का तेच बघावं लागतं, नाहीतर हेड खोलायचं.

हेड काढलं तर गोष्टी सोप्या होतात खरं म्हणजे, सगळं डोळ्यासमोर येतं, गंज एमरी पेपरने पुसता येतो, पिस्टनवर लाकडाचा गोल ठोकळा ठेवून हलके ठोके देता येतात. फक्त नवीन पॅकिंग आधी हातात असू द्या आणि बसवताना बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळा.

सुटलं, आता धुवा

इंजिन मोकळं फिरायला लागलं की लगेच स्टार्ट करायची इच्छा होते, करू नका. आत गंजाची पावडर आणि गाळ आहे, आणि क्रँककेसमध्ये आपण घातलेलं ॲसिटोन-डिझेल उतरलेलं आहे.

मशीन सरळ करा. ऑइलच्या तोंडातनं अर्धा लिटर डिझेल घाला, प्लग बाहेरच ठेवून ब्लेड हाताने तीस-चाळीस फेरे फिरवा, काढून टाका. परत तेच. बाहेर येणारं डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत, मला चार वेळा करावं लागलं. मग स्वस्तातलं इंजिन ऑइल घालून परत तेवढेच फेरे आणि तेही काढा. शेवटी चांगलं ऑइल, पुस्तकात एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत. अर्ध्या-पाऊण लिटरच्या आसपास बसतं, पण खूण बघूनच, जास्त झालं तर धूर आणि गळती.

आता दोरीचा डबा लावून प्लगशिवाय दहा-पंधरा वेळा ओढा म्हणजे सिलेंडरमध्ये राहिलेलं बाहेर उडेल. भोकावर जुनं फडकं धरा आणि प्लगची कॅप इंजिनच्या लोखंडाला टेकवून लांब ठेवा, कारण उडणारा फवारा पेट घेणारा आहे आणि कॅपमध्ये ठिणगी असते.

याच वेळी अंगठा भोकावर ठेवून दुसऱ्याला हळू दोरी ओढायला सांगा. हवेने अंगठा उडवला तर कॉम्प्रेशन आहे. सुरुवातीला कमजोर असतं, रिंग खाचांमध्ये अजून थोड्या चिकटलेल्या असतात, चालल्यावर सुटतात.

फ्लायव्हीलच्या चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. कॉइल परत बसवताना मधे व्हिजिटिंग कार्ड ठेवून आवळलं की अंतर बरोबर येतं. फ्लायव्हील काढलंच तर चावी बघा, अर्धवट कापलेली असेल तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि दोरी हातातून हिसकते. प्लग नवीनच टाका, माझ्या इंजिनला एनजीकेचा बीपीआर६ईएस लागतो, गॅप ०.७ ते ०.८ मिलीमीटर. टॅपेट सोडले असतील तर इंजिन थंड असताना फिलर गेजने बसवा, माझ्याकडे इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० आहे.

कार्बोरेटरची वाटी एका बोल्टवर असते. उघडली की तळाशी पाण्याचे थेंब मोत्यासारखे लोळताना दिसतील, पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. जेटच्या भोकात सुई घालू नका, भोक मोठं होतं, वायरमधली तांब्याची एक तार पुरते. टाकीतलं जुनं पेट्रोल फेकूनच द्या, गटारात नाही, गॅरेजवाल्याला द्या. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि फार पाणी झालं की इथेनॉल-पाण्याचा वेगळा थर तळाला बसतो, कार्बोरेटर नेमका तोच थर आधी ओढतो.

एअर फिल्टर कागदाचा असेल आणि बुडाला असेल तर नवीन घ्या.

पहिला स्टार्ट

उघड्यावर, जमिनीवर, कोणी समोर उभं नको. माझं सातव्या ओढीला लागलं आणि पांढऱ्या-निळ्या धुराने अख्खं पार्किंग भरलं, वरच्या मजल्यावरून लोक बघायला आले. तो धूर आत राहिलेल्या ऑइलचा, पाच-दहा मिनिटांत कमी होतो. पण मी दोन मिनिटांतच बंद केलं, ऑइल काढून बघितलं, थोडं दुधाळ होतं, परत बदललं. मग दहा मिनिटं चालवलं, थंड होऊ दिलं, मग अर्धा तास. पाच तासांनी आणखी एकदा ऑइल बदला आणि तेव्हा पांढऱ्या डब्यात बघा, चंदेरी चमक नसली पाहिजे.

चालताना कान द्या. टकटक असा जड आवाज खालून येत असेल तर रॉड ढिला झालाय, लगेच बंद करा. धूर तासाभरानंतरही निळाच असेल आणि ऑइल कमी होत असेल तर रिंग बदलायच्या. हेड उघडून बोअरवर नख फिरवा, नख चऱ्यात अडकलं तर नुसत्या रिंग टाकून भागणार नाही, बोअरचं काम निघेल आणि तेव्हा नवीन इंजिनचा भाव विचारून मगच ठरवा. रॉड तुटून क्रँककेसला भोक पडलं असेल तर सोडून द्या, त्यातनं कार्बोरेटर, कॉइल, रिकॉइल काढून ठेवा, कोणाच्यातरी कामाला येतात.

पाणी उतरल्याच्या दिवशी

हे सगळं मला करावं लागलं कारण मी दोन महिने हात लावला नाही. पाण्यात असेपर्यंत इंजिन फार गंजत नाही, पाणी उतरलं आणि आत हवा गेली की गंज वेगाने धरतो. म्हणून पुन्हा कधी मशीन बुडालंच तर त्याच दिवशी, लाइट आली नसली तरी, दोरी न ओढता प्लग काढा, मशीन उभं-आडवं करून पाणी ओता, ऑइल काढा, सिलेंडरमध्ये अर्धी वाटी डिझेल किंवा कुठलंही ऑइल घाला, ब्लेड हाताने दहा फेरे फिरवा, क्रँककेसमध्येही ऑइल भरा आणि मग घरातला गाळ काढायला जा. अर्ध्या तासाचं काम आहे, बाकी साफसफाई नंतर आठवड्याने केली तरी चालते.

जूनमध्ये मशीन ठेवून देतानाही प्लगच्या भोकातनं एक चमचा ऑइल घालतो, दोरी सावकाश ओढून जिथे जड लागते तिथे थांबवतो म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि ओली हवा आत जात नाही. आमचं मशीन आता पावसाळ्यात पार्किंगमध्ये नसतं, पहिल्या मजल्याच्या जिन्याखालच्या जागेत दोघांनी उचलून ठेवतो.